रविवार मोजत नाहीत

आमच्या घरात चिडण्याचा मक्ता पप्पांकडे होता. आईला चिडायला वेळ नसायचा, दादा चिडला की मुका व्हायचा, आणि मी दुसऱ्यांना चिडवण्याच्या खात्यात होते. पप्पांचा आवाज देवाने खास घडवलाय असं मंडळीत सगळे म्हणत. ठाण्याच्या आमच्या चर्चमध्ये गायकवर्गाचे ते पुढारी होते आणि माईक बंद पडला तरी उपासनेचं काही अडायचं नाही. तोच आवाज खाडी ओलांडून कळव्याला घरी आला की तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्याच्या किराणा दुकानापर्यंत पोचायचा. दुकानदार साखर तोलता तोलता थांबून गिऱ्हाइकाला सांगायचा, "आज वरच्या पोरीचा निकाल लागलेला दिसतोय." पप्पा टूथपेस्ट मधूनच दाबली म्हणून ओरडायचे, नळ ठिबकतो म्हणून ओरडायचे, चप्पल उलटी पडली म्हणून ओरडायचे. माणूस वाईट नव्हता. ओरडून झालं की अर्ध्या तासात सगळं विसरून आईला विचारायचे, "आज सगळे एवढे गप्प का?"

सगळे गप्प का, हे आई कधी सांगायची नाही. ती पदराला हात पुसत बाहेर पडायची आणि ज्याच्यावर ओरडणं झालंय त्याला गाठायची. "मनात काही नसतं हो त्यांच्या," हे तिचं वाक्य सगळ्या इमारतीला पाठ होतं. पेपरवाल्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, माझ्या शाळेच्या बाईंना, सगळ्यांना ती पप्पांच्या वतीने माफी वाटत फिरायची. फक्त एकदा तिची माफी पुरली नाही. पप्पांनी साहेबांच्या हातापाया पडून दादाला आपल्या कारखान्यात चिकटवला होता. नाताळच्या आधी दादाने ती नोकरी सोडली आणि कल्याणला एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काम धरलं. पप्पा जिन्यात उभे राहून, वरखाली सगळी दारं उघडी असताना, ओरडले, "स्क्रू पिळून पोट भरणार तू? स्क्रू पिळणाऱ्याला मी माझा मुलगा म्हणून सांगू लोकांना?" दादाने पिशवी भरली आणि कल्याणला मामाकडे गेला. त्या नाताळात आमच्याकडच्या करंज्या डब्यात बसून कल्याणला गेल्या, आणि दादा आला तो फक्त पप्पांची ड्युटी असताना, चोरासारखा. आई त्याला जेवू घालायची, मी दारात पहारा द्यायची. पप्पा त्याचं नाव काढत नसत. पण उपासनेत त्यांच्या बाजूच्या दादाच्या जागेवर कुणी बसायला आलं तर ते तिथे गीताचं पुस्तक ठेवून द्यायचे.

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवास राखेच्या बुधवारी सुरू होतो; त्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे घरसभा होती. घरसभा म्हणजे चर्चचे पाळकसाहेब, पाळकबाई आणि मंडळीतली दहा-बारा माणसं आमच्या दीड खोलीत, चपला जिन्यात, आणि आत प्रार्थनेच्या वासात मिसळलेला कांदेपोह्यांचा वास. नवीन पाळकसाहेब तरुण होते आणि त्यांना नवनव्या कल्पना सुचायच्या. त्या दिवशी ते म्हणाले, "उपवासकाळात आपण दरवर्षी मटण सोडतो, चहा सोडतो आणि ईस्टरला दुप्पट खातो. या वर्षी एक सवय सोडूया. आणि ती आपण ठरवायची नाही. आपल्या घरच्यांनी ठरवायची." पप्पांना कल्पना फार आवडली. तेच प्रार्थनेला उभे राहिले आणि, "प्रभू, माझ्या घरचे जे सांगतील ते मी चाळीस दिवस सोडीन," असं कबूल करून त्यांनी असं दणदणीत आमेन म्हटलं की कपाटावरची बरणी वाजली. मग डोळे उघडून प्रसन्नपणे आईकडे बघितलं. त्यांना वाटलं असणार, ही तंबाखूची मिश्री सांगेल. आई चहा गाळत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "ओरडणं."

पप्पांचा चेहरा लाल झाला, छाती फुगली, तोंड उघडलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आमेन म्हणून झालंय. तोंड मिटावं लागलं. मला इतकं हसू येत होतं की मी ओढणी तोंडात कोंबली, आणि पाळकसाहेबांचं नेमकं माझ्याकडे लक्ष गेलं. "रूथ, तुझ्या घरच्यांनी काय सांगावं?" कुणी माझ्या जिभेचा विषय काढायच्या आत मीच घाईघाईने म्हटलं, "मी कारलं सोडते." मंडळीतल्या बायका कौतुकाने चुकचुकल्या. घरात कारलं समोर आलं की मी दात आवळून बसते हे त्यांना काय माहीत. आईने माझ्याकडे एक नजर टाकली. तिची पाळी आली तेव्हा पप्पा आता वचपा काढणार म्हणून मी सरसावून बसले. पप्पा पुष्कळ वेळ विचार करत राहिले आणि त्यांना काही सापडेना. शेवटी पाळकबाईच म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही यांच्या वतीने माफी मागणं सोडा." आई गोंधळली. म्हणाली, "मग ती मागणार कोण?" पाळकबाईंनी चहाचा घोट घेतला आणि आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसल्या.

बुधवारपासून आमच्या घरात अशी शांतता पसरली की मला बाहेरच्या रिक्षा मोजता यायला लागल्या. पप्पांना राग यायचा थांबला नव्हता, वाट बंद झाली होती. मग त्यांनी दुसरी वाट काढली. राग आला की ते ओठ मिटून गीताची चाल गुणगुणायचे. किरकोळ रागाला नाताळची चाल, मध्यम रागाला लग्नातली, आणि फारच झालं तर उत्तम शुक्रवारची, येशूच्या मरणाच्या दिवसाची, ती लांबलचक, रडवेली. मी साबणाची डबी फोडली तेव्हा आतल्या खोलीतून नाताळ ऐकू आला. गणितात कशीबशी पास झाल्याचं सांगितलं तेव्हा सरळ उत्तम शुक्रवार सुरू झाला आणि जेवणं होईपर्यंत चालला. शुक्रवारी शेजारच्या भोईर काकूंनी मला जिन्यात अडवलं. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी होती ती एकेकाळी त्यांच्याच घरची भातशेती, त्यामुळे इमारतीतल्या प्रत्येकाची काळजी करणं हा त्यांना आपला हक्क वाटायचा. त्यांची आणि आमची एकच भिंत होती. "काय गो पोरी, बापूस बरा हाय ना तुझा? दोन दिस आवाज नाय आयकला. मना रातची झोप नाय."

आणि मग पहिला रविवार आला. उपासनेनंतर चर्चच्या आवारात पप्पा एकटेच नळाकडे बघत गुणगुणत उभे होते, तेव्हा मंडळीचे जुने पंच मनोहरकाका त्यांच्याजवळ आले. मनोहरकाकांनी मटण सोडलं होतं आणि तरी त्यांच्या पिशवीत मटण होतं. पप्पांनी पिशवीकडे बघितलं तसे ते म्हणाले, "अहो जयवंतराव, रविवार उपवासात मोजत नाहीत. रविवार पुनरुत्थानाचा दिवस. राखेच्या बुधवारपासून मोजून बघा, रविवार धरले तर चाळीसाच्या वर जातात. जुना नियम आहे." पप्पांनी तिथेच बोटांवर मोजून बघितलं. मला अजून त्यांचा तो चेहरा आठवतो. लॉटरी लागलेल्या माणसाचा चेहरा मी त्यानंतर कधी बघितलेला नाही, पण तो तसाच असणार.

दुपारी जेवण झालं. पप्पांनी हात धुतले, बनियन नीट केलं, खुर्ची खोलीच्या मधोमध ओढून घेतली आणि बुधवारपासून साठलेलं सगळं, क्रमाने, एकही बाब न गाळता, ओरडून घेतलं. साबणाची डबी, गणित, ठिबकता नळ, कारखान्यातला नवीन सुपरवायझर, पेपरवाला, बसच्या कंडक्टरने परत दिलेली फाटकी नोट. मध्येच दार वाजलं. भोईर काकू उंबऱ्यात उभ्या, हातात वाटीभर सुकट. "बरा हाय तर. जीवात जीव आला माजा," म्हणून वाटी ठेवून गेल्या. पप्पा घामाघूम होऊन, तृप्त होऊन झोपले. संध्याकाळी मी पानावर बसले तर ताटात भरलेलं कारलं. मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "रविवार मोजत नाहीत ना? खा." त्यानंतर प्रत्येक रविवारी माझ्या ताटात कारलं असायचं, आणि ते ती इतक्या निगुतीने करायची की शंका यावी.

त्या दिवसांत मी जितकी मजा केली तितकी नंतर लग्नातही केली नाही. घराचं सगळं वेळापत्रकच बदललं. वाईट बातमी सोमवारी द्यायची, म्हणजे रविवारपर्यंत तिचा कडकपणा उतरतो. शनिवारी चुकूनही काही फोडायचं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याचं भांडण घेऊन बुधवारी यायला लागले. मी पप्पांच्या समोर टूथपेस्ट मधून दाबायची आणि कुठली चाल निघते ते ऐकत उभी राहायची. पण तिसऱ्या का चौथ्या रविवारी एक गंमत झाली. पप्पा खुर्ची ओढून बसले, दोन-तीन बाबी ओरडून झाल्या आणि अडले. "आणखी काहीतरी होतं," म्हणत छताकडे बघत राहिले. मला राहवेना. "बादली, पप्पा," मी आठवण करून दिली. पप्पा बादलीवर ओरडले, पण त्यात जीव नव्हता. शिळ्या भाकरीसारखं झालं होतं ते. ओरडून झाल्यावर खुर्ची जागेवर ठेवताना ते स्वतःशीच पुटपुटले, "कशाला राग आला होता मला बादलीचा?"

हे सगळं मी तिखटमीठ लावून दादाला कळवलं होतं, आणि एका मंगळवारी संध्याकाळी, पप्पा घरात असताना, तो आला. कितीतरी महिन्यांनी दोघं एका खोलीत. पप्पांनी त्याच्याकडे बघितलं आणि लग्नातली चाल धरली. दादा जेवला, पाणी प्यायला, पप्पांची चाल संपली, दादा उठला. आई दारात उभी राहून ओठ चावत होती. तिचं ते वाक्य तिच्या तोंडाशी आलं होतं आणि नेमकं तेच तिने सोडलं होतं. मी दादाला बस स्टॉपपर्यंत सोडायला गेले. म्हटलं, "बघितलंस? पप्पा बदललेत. घरी ये आता."

"रविवारी बोलाव," दादा म्हणाला.

"रविवारी नको ना."

"बघ. म्हणजे तुलाही माहितीये. अगं रूथे, सहा दिवस दाबून सातव्या दिवशी काढायचं, याला बदलणं नाही म्हणत, साठवणं म्हणतात. मी सोमवार ते शनिवार राहायला येऊ का घरी? आणि रविवारी मामाकडे?" बस आली तरी तो चढेना. मग हळूच म्हणाला, "एक रविवार नीट गेला ना, तर मी पिशवी घेऊन येईन. खरंच येईन." तो इतका वेळ चेष्टेत बोलत होता आणि हे मात्र चेष्टेत नव्हतं. इतके दिवस मी पप्पांच्या व्रताची तिकिटं विकत बसले होते. त्या रात्री पहिल्यांदा मी अंथरुणात पडून पप्पांसाठी प्रार्थना केली. चांगला निकाल लागू दे, नवीन फ्रॉक मिळू दे, याच्या पलीकडची माझी ती पहिलीच प्रार्थना असावी. एक रविवार, मी देवाला म्हटलं, एकच रविवार.

ठरलं ते ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारचं. दादाला जेवायला बोलवायचं आणि पप्पांना चिडायला कारणच ठेवायचं नाही. नळ मी सुतळीने बांधला, चपला सरळ केल्या, टूथपेस्ट तळापासून गुंडाळत आणली. त्या सकाळी मी पोट दुखतंय म्हणून घरी राहिले, आणि आई-पप्पा उपासनेला गेल्यावर दादा आला, हत्यारांची पिशवी घेऊन. त्याची स्वतःची एक योजना होती आणि ती माझ्या सगळ्या योजनेवर पाणी ओतणारी होती. त्याला पेटी दुरुस्त करायची होती.

ही पेटी आजोबांची. नगरकडच्या गावातून डोक्यावरून आलेली. तिचा एक सूर न दाबताही वाजत राहायचा, सगळ्या गाण्याखाली कुरकुरल्यासारखा. तिला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती, धूळसुद्धा पप्पाच पुसायचे. "गाण्याची तालीम आहे, पप्पा दोन वाजेपर्यंत येत नाहीत, त्याच्या आत जोडून ठेवतो," दादा म्हणाला. मी नको म्हणेपर्यंत त्याने पाठ उघडली होती. तासाभरात पेटीचं काही उरलं नाही. जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर पितळेच्या पट्ट्या, स्प्रिंगा, भाता एकीकडे, पट्ट्यांची लाकडं दुसरीकडे, स्क्रू सगळीकडे. आणि बारा वाजायच्या आत जिन्यात पप्पांची पावलं वाजली.

नंतर आईकडून कळलं ते असं. दादा जेवायला येणार हे तिने वाटेत सांगितलं आणि पप्पांनी तालीमच रद्द केली. नौपाड्यात थांबून गरम जिलबी घेतली. रिक्षावाल्याला दोनदा "जरा लवकर" म्हणाले. तर दार उघडलं तेव्हा पप्पा एका हातात खजुरीची झावळी आणि दुसऱ्या हातात जिलबीचा पुडा घेऊन उभे होते, आणि समोर त्यांच्या बापाची पेटी हाडं वेगळी केल्यासारखी पडली होती. मध्ये दादा, हातात स्क्रूड्रायव्हर.

त्यांची छाती फुगली. मी ती छाती जन्मापासून ओळखत होते. भिंतीपलीकडे भोईर काकूंनी रेडिओ बंद केला. दादा उभा राहिला आणि फार सरळ आवाजात म्हणाला, "आज रविवार आहे, पप्पा. बोला."

मी नाताळची चाल गुणगुणायला लागले. का ते मला सांगता येणार नाही. दुसरं काही सुचलं नाही. चाल चुकत होती. पप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग पेटीकडे, मग दादाकडे, दादाच्या हातांकडे. त्याच्या बोटांना ग्रीस लागलं होतं आणि एक पितळी पट्टी त्याने तळहातावर इतकी अलगद धरली होती की जणू ती दुखेल. फुगलेली छाती हळूहळू खाली बसली. पप्पांनी झावळी दाराच्या कडीत खोचली, जिलबी आईच्या हातात दिली, आणि वर्तमानपत्राच्या कडेला खाली मांडी घातली.

"स्क्रू वाटीत ठेवत जा," ते म्हणाले. "हरवतात."

मी वाटी आणली. दोघं बापलेक स्क्रू वेचायला लागले. आई मागे उभी होती आणि तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. मला कळत होतं ती काय बोलणार आहे, आणि ती बोलली असती तर सगळं नेहमीसारखं झालं असतं, पप्पा सुटले असते. तिने जिलबीचा पुडा छातीशी धरला आणि गप्प राहिली. मी तिला आयुष्यात इतकी कठीण गोष्ट करताना दुसऱ्यांदा बघितलं नाही. पप्पांनी एक स्क्रू वाटीत टाकला, दुसरा टाकला. तिसरा बोटात धरून त्याच्याकडे बघतच राहिले.

"जिन्यात बोललो ते चुकलं माझं," ते म्हणाले. आवाज इतका लहान होता की मला वाटलं दुसराच कुणी बोलला. "लोकांसमोर बोललो. स्क्रूवरून बोललो. मला माफ कर, सुबोध."

दादाने मान खाली घातली आणि डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसलं, आणि हात पुढे केला. पप्पांनी तो तिसरा स्क्रू त्याच्या तळहातावर ठेवला.

आज मागे वळून बघताना पप्पांना संत करायचा मोह होतो, म्हणून सांगते, ईस्टर उलटल्यावर सोमवारीच ते नळावर ओरडले. पुढेही ओरडले. फरक एवढाच की ओरडून झालं की आता आई उठत नसे. ती भाजी निवडत बसायची, आणि थोड्या वेळाने पप्पाच चपला घालून, कपाळाला आठ्या घालून, पेपरवाल्याला शोधायला जायचे. एवढं जायचं म्हटल्यावर माणूस ओरडण्याआधी विचार करतो. माझ्या सासरी मीही तो नियम लावून बघितला आणि माझ्या चपला फार झिजल्या. पेटी आता डोंबिवलीला दादाकडे आहे. तो सूर अजून कुरकुरतो. दादा म्हणतो, त्याला दुरुस्त करता येईल, पण करायचं नाही.

त्या दुपारी मात्र पेटी तशीच उघडी ठेवून आम्ही जेवायला बसलो. माझ्या ताटात कारलं होतं. मी निमूट पहिला घास घेतला. भिंतीपलीकडे भोईर काकूंना हे सगळं असह्य झालं असणार, कारण दार वाजलं. उघडायला पप्पाच उठले. काकूंनी आत डोकावून बघितलं, दादाची पिशवी, पसरलेली पेटी, पप्पांचे लाल डोळे.

"पोरगा आयला, पेटी मोडली, नि तुमी गप? वरडत का नाय आज?"

"आज रविवार आहे, वहिनी," पप्पा म्हणाले, आणि त्यांच्यासाठी पाट मांडायला आत वळले.